गाढविणीचा प्रश्न

३ जानेवारी

"कोल्हापूरकर श्रोतेहो! दरवर्षी तुम्हाला या मांडवात बोलावतात, सतरंजीवर बसवतात, चहा पाजतात आणि झोपवून घरी पाठवतात. तुमची तक्रार मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे — ज्याला बोलता येतं त्याला इथे बोलू देत नाहीत!"

व्याख्यानाची सुरुवात अशीच करणार. व्याख्यानमाला चालवणारा जिनेंद्र पहिल्या रांगेत बसलेला असेल. ऐकू दे.

व्याख्यानमालेचा त्यांचा जुना नियम — स्वतःच्या धर्माच्या ग्रंथावर कोणी बोलायचं नाही, दुसऱ्याचा घ्यायचा. जैनानं बौद्धांवर बोलावं, ख्रिस्ती माणसानं जैनांवर. नियम चांगला आहे, मीच पूर्वी त्याचं जाहीर कौतुक केलंय. पण यंदा मला काय आलं? हिब्रू शास्त्रांतलं आंधळेपणाचं प्रतीक. डोळे असून न दिसणं! जिनेंद्र म्हणतो, "चिठ्ठ्या टाकल्या की गा, बाळासो. तुझ्या नावाला ही निघाली." चिठ्ठ्या कोणी लिहिल्या? कोणी उचलल्या? सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच विषय नव्हता कशावरून?

माझ्या ओळखीत या शहरात ज्यू माणसाचं एकही घर नाही. म्हणजे मी कितीही कडाडलो तरी कोणाला लागायचं नाही. गेल्या वर्षी देवळाची, मशिदीची, आमच्या विहाराची — सगळ्या कमिट्या एकाच तासात झोडपल्या होत्या. त्याचा हा बंदोबस्त. वाघाला गवत घातलंय!

विषय घेतला. लागत कसं नाही ते बघतोच.

५ जानेवारी

ओळखीच्या पास्टरांकडून बायबलचं मराठी भाषांतर आणलं. इंग्रजी माझ्याकडे होतंच. दोन्ही शेजारी ठेवून वाचतोय.

एक संदेष्टा. मंदिरात त्याला देव दिसतो. देव विचारतो, माझ्यातर्फे कोण जाईल? हा म्हणतो, मी आहे, मला पाठव. (आमच्यातल्या प्रत्येक वक्त्यानं आयुष्यात एकदा असंच म्हटलेलं असतं!) आणि काम काय मिळतं? जा, या लोकांचे कान जड कर, डोळे लिंपून टाक — पाहूनही त्यांना उमगू नये!

पुस्तक आपटलं. आधी डोळे लिंपायचे, मग दिसत नाही म्हणून गावं उजाड करायची — हा कुठला न्याय? आमच्याकडे अविद्या माणसाची स्वतःची असते आणि घालवायचीही त्यानंच. वरून हुकूम सुटत नाही. हे मुद्दाम सांगणार.

पण एक गोष्ट त्या माणसानं खरी लिहिलीय. लोकांना जितकं ओरडून सांगावं तितके ते बहिरे होतात. हयात व्यासपीठावर घालवली, रोज हे पाहिलं. म्हणून तर मी गर्दीकडे बघतच नाही. मांडवाच्या मधोमधचा एक चेहरा धरतो आणि त्याच्याशीच बोलतो. कडेचे लोक आपोआप ऐकतात.

६ जानेवारी

टीपॉय पुन्हा हलवलेला. दाराच्या डाव्या अंगाच्या कुंड्याही उचलून मागच्या बाजूला. सुनेला, संघप्रियाला विचारलं. म्हणाली, "मोकळं बरं वाटतंय, मामा." कोणाला मोकळं? माझ्या बायकोनं, प्रसेनजीतच्या आईनं लावलेल्या त्या कुंड्या. ती जाऊन तीन वर्षं झाली, कोणी हात लावला नव्हता. मुलगा नोकरीला पुण्यात, सासरा म्हातारा — सुनेनं मांडणी बदलायला घेतली की पुढे काय येतं, ते मला कळतं.

८ जानेवारी

गडमुडशिंगीला थोरल्या बहिणीकडे, आक्काताईकडे जाऊन आलो. स्कूटर माझी, मागे संघप्रिया. उचगाव ओलांडलं, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून गाडी डावीकडे घेतली — तर डावीकडून एक बाई गवताचा भारा घेऊन अचानक उगवली! संघप्रिया किंचाळली, "मामा, बाई!" ब्रेक दाबला. बाई वाचली, भारा पडला.

"डोळं हायत का भोकं, वो पावणं?"

मी शांतपणे सांगितलं, बाई, रस्ता बघून ओलांडावा.

"कोण वलांडतंय? मी हितंच हुबी हाय कवाधरनं!"

खोटं बोलायलासुद्धा जोर लागतो, तो तिच्याकडे होता. लगेच चार माणसं जमली, सगळी तिच्या बाजूची. एवढं होऊन संघप्रिया खाली उतरली आणि तिचा भारा बांधून दिला! मला हे आवडलं नाही. चूक कोणाची, माफी कोणाची?

आक्काताईच्या घरी दोघी चुलीपाशी कुजबुजत होत्या. मी गेलो तशा गप्प. मग ताई म्हणाली, "बाळ्या, डोळं दावून ये की एकदा." दिवाळीतच चष्म्याचा नंबर तपासलाय. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं मी वाचून दाखवतो! ताईला हे कोण शिकवतंय ते न कळायला मी दुधखुळा नाही.

१० जानेवारी

सकाळी विहारात वंदनेला. जाताना-येताना एकानंही जय भीम केला नाही. आमच्या वस्तीत माणूस भांडणातसुद्धा जय भीम चुकवत नाही. गेल्या वर्षीच्या भाषणाचा राग अजून धुमसतोय.

कमिटीच्या आदर्शला अडवून विचारलं. तो काय म्हणतो? "सर, पोरं कडेला उभी राहून हात जोडतात. तुम्ही ढुंकून बघत न्हाय. मोठी माणसं झालासा आता." चोराच्या उलट्या बोंबा! बहिष्काराची ही नवी पद्धत — आधी नमस्कार चुकवायचा, मग चुकवल्याचा आरोप समोरच्यावर.

११ जानेवारी

त्या शास्त्रांत एक आज्ञा सापडली: आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. केवढी साधी! यावर टाळ्या घेणार. "या शहरात ही आज्ञा पाळणारा एक तरी माणूस मला दाखवा!"

१२ जानेवारी

स्कूटरची किल्ली खिळ्यावर नव्हती. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी कुठे निघाली? पोह्यांच्या डब्यात!

"पडली असंल चुकून," संघप्रिया माझ्याकडे न बघता म्हणाली. शाळेत पोरांना शिकवताना पुस्तकी बोलते, खोटं बोलताना मात्र हिची घरची भाषा बाहेर येते. डब्याला झाकण असतं, बाई! भरपूर ऐकवलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही.

१३ जानेवारी

म्हाताऱ्या बापाची गोष्ट. नजर मंदावलेली. थोरल्या मुलाला आशीर्वाद द्यायचाय. धाकटा हातांना करडांची कातडी बांधून येतो — थोरला केसाळ ना! — आणि यामागे डोकं कोणाचं? घरातल्याच बाईचं! म्हातारा चाचपतो. म्हणतो, आवाज धाकट्याचा आहे, हात थोरल्याचे आहेत. पुन्हा विचारतो, तू खरंच तोच का? जवळ बोलावून कपड्यांचा वास घेतो.

या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटला. डोळे गेले तरी संशय शाबूत होता. संशय हाच म्हातारपणाचा डोळा! वाक्य चांगलं झालंय, भाषणात घेणार.

(तरी फसलाच शेवटी. ते भाषणात नको.)

१४ जानेवारी

संक्रांत. जिनेंद्र तिळगूळ घेऊन आला. गोड बोलला. फार गोड बोलला. "तयारी झाली का वक्त्यांची? स्टेजला यंदा उजवीकडनं पायऱ्या केल्यात बघ, कठडा लावून." का? दरवर्षी डावीकडून असतात! गेल्या वर्षी तिथे माझा पाय घसरला होता, ते निमित्त. माझ्या पडण्याची त्याला एवढी काळजी कधीपासून?

त्याला सोडायला संघप्रिया फाटकापर्यंत गेली. मी खिडकीत. दोघं बराच वेळ बोलत होती. जिनेंद्रनं मान हलवली, तिनं पदरानं डोळे टिपले. पदराला काय, तोही नाटकात कामाला येतो.

परत येऊन म्हणते कशी, "मामा, व्याख्यानाला मीच सोडते तुम्हाला. गाडी मी चालवते."

आता सगळं जुळलं! मी पोचणं न पोचणं तिच्या हातात, ती जिनेंद्रच्या हातात. ऐन वेळी गाडी बिघडेल, उशीर होईल, आणि मांडवात जाहीर होईल — वक्ते येऊ शकत नाहीत. सांगून टाकलं, मी माझ्या गाडीनं माझा जाणार. मला म्हातारा करू नकोस! आवाज चढला. शेजारच्या धोंडुबाई भिंतीवरून बघायला लागल्या.

१६ जानेवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी स्कूटर काढली तर पुढचं चाक बसलेलं. ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "पंक्चर न्हाय सर, हवा सोडलीया कुणीतरी." घरी आलो. संघप्रिया शाळेला निघाली होती. विचारलं.

"व्हय. मी सोडली."

नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. मग मी बोललो. व्यासपीठावर जसा बोलतो तसा. जिनेंद्रनं काय कबूल केलंय तुला? टीपॉय, कुंड्या, किल्ली, चाक — पुढे काय, माझी खाट? हे घर माझं आहे. इथे पटत नसेल तर वाट मोकळी आहे.

ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली — हळू आवाजात, मला वाकून ऐकावं लागलं —

"लग्न होऊन आले तेव्हापासनं तुमच्याच गाडीवर मागं बसत आले, मामा. आजपतोर कधी अशी वागले का?"

उत्तर दिलं नाही. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत.

१७ जानेवारी

ती शाळेतून परस्पर हुपरीला बहिणीकडे गेली.

प्रसेनजीतचा फोन. "बाबा, तिला घर सोडून जा म्हणालात?"

"वाट मोकळी आहे, एवढंच म्हणालो."

"बाबा, तुम्ही वक्ते आहात. त्याचा अर्थ मी सांगू तुम्हाला?"

पोरगं आईवर गेलंय.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, डाव्या हातानं पेला पडला. तिथे कोणी पेला ठेवतं का! मग आठवलं, घरात माझ्याशिवाय कोणीच नाही.

१८ जानेवारी

भाषणात मधे हशा हवा. म्हणून गाढविणीची गोष्ट काढली होती. वरवर माहीत होती — बोलणारं गाढव, लोक हसतात. आज पूर्ण वाचली.

एक नामांकित माणूस. शब्दांत ताकद असलेला. याच्या शापानं शत्रू खलास होतो अशी ख्याती, म्हणून एक राजा त्याला खास बोलायला बोलावतो. म्हणजे वक्ताच! निघतो आपल्या गाढविणीवर बसून. वाटेत उपसलेली तलवार घेऊन देवदूत उभा. गाढविणीला दिसतो, वक्त्याला दिसत नाही. ती रस्ता सोडून शेतात शिरते. हा झोडपतो. पुढे ती अंग चोरून भिंतीला घासते, याचा पाय चेंगरतो. पुन्हा झोडपतो. शेवटी वाटच उरत नाही, तेव्हा ती खाली बसकण मारते. हा काठीनं बडवतो आणि म्हणतो, तलवार असती तर तुला मारून टाकलं असतं.

आणि मग ती बोलते. मी हसायच्या तयारीत होतो.

ती म्हणते, मी तुझीच गाढवीण ना? आजवर माझ्यावरच बसत आलास. कधी अशी वागले का?

दोन्ही भाषांतरं पुन्हा पाहिली. दोन्हींत तेच आहे.

त्यावर तो काय म्हणतो? एकच शब्द. "नाही."

मी तेवढंही म्हणालो नव्हतो.

(दुपारी)

बसकण मारलेली गाढवीण — हवा सोडलेलं चाक.

पण माझी शंका सहजी मरत नाही. दूत कुठे होता? तलवार कुठे होती? मला तर सगळं दिसतंय! ही ओळ दिसतेय, खिडकीतली जाळी दिसतेय, जाळीतली मुंगीसुद्धा.

मग ती गवताच्या भाऱ्याची बाई आठवली. मी हितंच हुबी हाय कवाधरनं.

तिला खोटं बोलायचं काय कारण होतं? तिला थोडंच व्याख्यानमालेशी देणंघेणं!

हुपरीला फोन लावला. म्हणालो, संघप्रिया, तू काय बघितलंस?

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मामा, तुमच्या डाव्या अंगाला माणूस आलं की तुम्हाला दिसत न्हाय. दिवाळीपासून बघतेय मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दर वेळी तुम्ही भाषण केलंत."

१९ जानेवारी

ती सकाळीच आली. रिक्षानं डोळ्यांच्या दवाखान्यात.

एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा झाकलेला. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दाबत होतो. मग दिवे यायचे थांबले. वाट बघितली. काही नाही. म्हणालो, तुमचं मशीन बंद पडलंय.

त्या मुलीनं सांगितलं, "चालूच आहे, सर."

माझा अजून विश्वास नव्हता. मागे वळून संघप्रियाकडे बघितलं. तिच्या बाजूला मशीनचा पडदा होता, त्यावर दिवे दिसत होते. तिनं फक्त मान हलवली — चालू आहे.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत लख्ख दिसतं, म्हणून अक्षरं वाचता येतात. कडा आधी जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. गाडी आजपासून बंद.

आणि मी हयातभर मधला एक चेहरा धरून बोलत आलो! कडेचे लोक कधी विझले ते कळणार कसं?

विहारातली पोरं हात जोडून उभी होती. आहेत.

२० जानेवारी

भाषण फाडलं. त्या म्हाताऱ्या बापाबद्दलचं वाक्य आधी खोडलं. त्याला संशय आला, त्यानं तीन-तीनदा तपासलं, आणि तरी त्याला दिसलं नाही. संशय म्हणजे डोळा नव्हे. मी संशयाला डोळा समजत होतो, आणि तोही माझ्या एकट्याचाच उघडा आहे असं समजत होतो.

त्या डोळे लिंपणाऱ्या संदेष्ट्याच्याच ग्रंथात पुढे एक ओळ आहे, ती मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. तिथे देव लोकांकडे बोट दाखवत नाही. विचारतो, माझ्या सेवकासारखा आंधळा कोण? मी पाठवलेल्या निरोप्यासारखा?

ज्याला बोलायला पाठवलं, तोच!

२१ जानेवारी

संघप्रियानं गाडी चालवली. मी मागे. मागे बसल्यावर रस्ता किती भरलेला असतो!

उजवीकडच्या पायऱ्यांनी चढलो, कठडा धरून. "कोल्हापूरकर श्रोतेहो" एवढं जुनं ठेवलं. पुढची तक्रार गाळली. गाढविणीची गोष्ट सांगितली. लोक हसले, मग तिच्या प्रश्नाशी हसणं थांबलं. मी मान डावीकडे पूर्ण वळवून बघितलं — बायका बसल्या होत्या तिकडे, मांडवाचा निम्मा भाग! दरवर्षी तिथेच बसतात म्हणे.

गवताच्या भाऱ्याचं सांगितलं. काचबिंदूचं सांगितलं. सुनेला काय बोललो ते सांगितलं नाही. जीभ तिथवर गेली आणि वळली.

उतरताना जिनेंद्रनं हात दिला. "मग? आज कुणाला लागलं रं, बाळासो?"

"मला."

त्यानं हात सोडला नाही. पायऱ्या संपल्या तरी.

संघप्रियानं घरी येताना एवढंच विचारलं, "थेंब घातले का?"

२२ जानेवारी

संघप्रिया, ही वही मी तुझ्या शाळेच्या पिशवीत ठेवतोय. आजवर हिच्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तीन तारखेपासून वाच. तुझ्याविषयी जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोडलेलं नाही. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर — नाही. कधीच वागली नाहीस.

वाचून झालं की मला जे बोलायचं ते बोल. पण समोर येऊन उभी राहा. डावीकडून आलीस तर मला दिसणार नाहीस.